दारातला बर्फ कोणी काढायचा?

(निगडी प्राधिकरणातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाची पाटी वाचून बाहेर दोघंतिघं हसत होते. त्यांचं बरोबरच आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये पारा दहाच्या खाली गेला की शेकोट्या पेटतात आणि पेपरात फोटो येतो. अशा गावात बसून बर्फ काढण्याचा इतिहास कशाला ऐकायचा? पण या बर्फाचे दोन धागे आपल्याच गावातून जातात. एक दिघीतून आणि दुसरा भोसरी-चाकणमधून. तिसरा धागा घराघरातला आहे. ज्यांची मुलं अमेरिकेत, कॅनडात किंवा जर्मनीत आहेत, त्यांनी जरा हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत.

मला हा विषय सुचला तो माझ्या डाव्या मनगटामुळे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलीकडे बोस्टनजवळ गेलो होतो. जानेवारी महिना. सकाळी उठून पाहतो तर फूटभर बर्फ. मुलगी आणि जावई दोघांनाही ऑफिसला जायचं होतं आणि गाडी बाहेर काढायला वाट नव्हती. त्यांच्या घराचा ड्राइव्हवे उताराचा आहे. मी म्हटलं, आयुष्यभर भोसरीत नोकरी केली, एवढं फावडं मारायला काय लागतं? तासभर खपून बर्फ काढला आणि वरच्या बाजूला, गॅरेजच्या दाराशेजारी छान ढीग रचला. जावयानं कौतुकही केलं. दुपारी लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आलो, ड्राइव्हवे कोरडा काळा दिसत होता, आणि तिसऱ्या पावलाला मी आडवा.

झालं काय होतं? मी रचलेला ढीग उन्हानं वितळला. पाणी उतारावरून खाली आलं. चार वाजता ऊन गेलं आणि त्याच पाण्याचा काचेसारखा पातळ थर गोठला. तिकडे त्याला ब्लॅक आइस म्हणतात. तो स्वतः काळा नसतो, पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं म्हणून काळा वाटतो. म्हणजे मला पाडलं ते मीच रचलेल्या ढिगानं. प्लास्टर घालून बसलो होतो तेव्हा शेजारचे एक गृहस्थ विचारपूस करायला आले. ते म्हणाले, तुम्ही घरचे आहात म्हणून ठीक, पोस्टमन पडला असता तर मोठं प्रकरण झालं असतं. तिथून माझ्या डोक्यात हा प्रश्न बसला. दारासमोरचा बर्फ काढायचा कोणी? आणि काढला नाही, किंवा वाईट काढला, तर दोष कोणाचा?

बर्फ काढायचाच नाही, दाबायचा

पहिली गोष्ट मला फार गमतीची वाटली. मोटार येण्याआधी थंड देशातले लोक रस्त्यावरचा बर्फ मुळात काढतच नव्हते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे माझ्या मुलीच्याच भागात, हिवाळ्यात गाड्यांची चाकं जायची आणि घसरगाड्या यायच्या. घसरगाडीला बर्फ हवाच असतो. मग गावोगाव लाकडाचे मोठे रोलर असायचे, आपल्या रस्त्यावर डांबर दाबणाऱ्या रोलरसारखेच, पण घोडे जुंपलेले. ते बर्फावरून फिरवायचे आणि बर्फ घट्ट दाबायचा. त्या भागात छप्पर असलेले लाकडी पूल असत. छपरामुळे पुलावर बर्फ पडायचा नाही आणि घसरगाडी अडायची. तेव्हा माणसं चक्क बाहेरून बर्फ आणून पुलावर पसरायची. आज आपण ज्याला संकट म्हणतो, ते त्या काळी रस्त्याचं साहित्य होतं.

म्हणून बर्फ हा शत्रू झाला तो चाकामुळे. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा इतिहास सोपा जातो.

शहरात गोष्ट आधी बदलली. मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जे हिमवादळ आलं, त्यानं शहर अक्षरशः बंद पाडलं. उंचावरून धावणाऱ्या गाड्या जागीच अडकल्या, तारा तुटून रस्त्यावर लोंबू लागल्या, अन्न आणि कोळसा पोचेना. शेकडो माणसं दगावली. त्यानंतर तारा जमिनीखाली घालायच्या आणि गाडीही जमिनीखालून न्यायची या विचारानं जोर धरला. १९०४ साली तिथली भुयारी रेल्वे सुरू झाली. बर्फ काढणं हे शहराचं काम आहे, ही कल्पना त्या काळात पक्की होत गेली.

पण सगळा बर्फ शहराचा नाही, बरं का. वाटणी कशी झाली पहा. रस्ता नगरपालिकेचा. घरासमोरचा फुटपाथ घरमालकाचा. न्यूयॉर्कमध्ये आजही दिवसा बर्फ थांबला की साधारण चार तासांत आपल्या घरासमोरचा फुटपाथ साफ करायचा, नाहीतर दंड.

आणि ड्राइव्हवे? तो या वाटणीत उशिरा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर वसाहती उभ्या राहिल्या. १९४७ पासून बांधलेलं लेव्हिटाउन हे त्यातलं गाजलेलं नाव. घर रस्त्यापासून आत, गाडी दारात, आणि दोघांना जोडणारी खासगी पट्टी. ही पट्टी पूर्ण मालकाची. नगरपालिका तिला हात लावत नाही. उलट तुम्ही तासभर खपून ती साफ करता आणि पालिकेचा प्लाऊ रस्ता साफ करता करता तुमच्या तोंडाशी गुडघाभर बर्फाची भिंत घालून जातो. ज्यांचे हात वर होते त्यांना हे फोनवर नक्की ऐकायला मिळालं असेल.

यंत्रंही याच क्रमानं घरापर्यंत आली. कॅनडातल्या क्विबेकचे आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली बर्फ उचलून दूर फेकणारं यंत्र तयार केलं. १९२७ मध्ये पहिलं यंत्र मॉन्ट्रियललगतच्या आउटरेमाँ या गावानं घेतलं. ते ट्रकवर बसवलेलं, गावासाठीचं यंत्र होतं. माणसानं मागे चालत ढकलायची घरगुती यंत्रं आली ती १९५० च्या दशकात, म्हणजे ड्राइव्हवे आल्यानंतर.

काढला नाही तर माफ, काढला तर गुन्हा

आता शेजाऱ्यांच्या त्या वाक्याकडे येतो. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्याचा इतिहास मी घरी बसून वाचला. एक हात प्लास्टरमध्ये असला की वाचायला वेळ मिळतो.

१८८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक खटला आला. कापड गिरणीच्या मालकीच्या घरात राहणारी एक भाडेकरू बाई पायऱ्यांवरच्या बर्फावरून घसरून पडली. न्यायालयानं नुकसानभरपाई नाकारली. सांगायचा मुद्दा असा, की बर्फ आपोआप पडला आणि आपोआप साचला, तर मालक जबाबदार नाही. पुढे या विचाराचा पक्का नियम झाला. निसर्गानं साचवलेला बर्फ असेल तर मालक सुटला. पण त्यानं तो हलवला, ढीग केला आणि त्यातून धोका झाला, तर तो अडकला.

याचा अर्थ लक्षात येतोय ना? फावडं हातात न घेणं हेच कायद्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं. जो झटतो त्यालाच दोष. मी जसा ढीग रचला होता, तसा ढीग म्हणजे तर खटल्याचा पुरावाच. हा नियम शंभराहून जास्त वर्षं चालला. शेवटी जुलै २०१० मध्ये त्याच न्यायालयानं तो मोडीत काढला. एका दुकानाच्या पार्किंगमध्ये पडलेल्या माणसाचा तो खटला होता. न्यायालयानं सांगितलं, नैसर्गिक की कृत्रिम हा भेद सोडा. आपल्या जागेत येणाऱ्या माणसासाठी वाजवी काळजी घेतली होती का, एवढंच पाहायचं.

मला या निकालात मोठी गोष्ट दिसते. "मी काहीच केलं नाही" हे सव्वाशे वर्षं निर्दोषत्वाचं कारण होतं. २०१० पासून तोच आरोप होऊ शकतो.

मीठ: पॉटातलं आणि पेटीतलं

आता मिठाकडे वळू. फावड्यानं बर्फ निघतो, पण खाली पातळ थर उरतो. त्यावर मीठ टाकतात. हे शास्त्र आपल्याला नवीन नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आइस्क्रीमचं पॉट आणलेलं आठवतंय? लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि त्यावर मूठमूठ जाडं मीठ. आणि आपण मुलं पाळीपाळीनं दांडा फिरवायचो. मीठ कशाला? मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जाऊनही वितळत राहतो, वितळताना आतल्या दुधाची उष्णता ओढून घेतो आणि आइस्क्रीम जमतं. ड्राइव्हवेवर नेमकं हेच होतं, फक्त आपल्याला तिथं खारं पाणी हवं असतं, आइस्क्रीम नको असतं. मीठ योग्य प्रमाणात असेल तर ते पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. व्यवहारात मात्र उणे ९-१० च्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही.

अमेरिकेत रस्त्यावर सर्रास मीठ टाकायची पद्धत १९४० च्या सुमारास रुजली. डेट्रॉईट शहराच्या पोटात, जमिनीखाली हजार फुटांहून खोल, मिठाची प्रचंड खाण आहे. वर मोटारीचे कारखाने आणि खाली मीठ. मोटार हवी म्हणून रस्ता साफ, रस्ता साफ हवा म्हणून मीठ, आणि मिठानं मोटारच गंजते.

इथे आपला गाव येतो. मी भोसरीत क्वालिटीत होतो. आमच्या विभागात कोपऱ्यात एक पेटी होती, साधारण फ्रीझरएवढी. सॉल्ट स्प्रे चेंबर. आत ३५ अंश तापमान आणि पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं. त्यात नट, बोल्ट, ब्रॅकेट टांगून ठेवायचे. कुठे ९६ तास, कुठे ७२० तास. मग दार उघडून बघायचं: पांढरा गंज किती, लाल गंज किती. एएसटीएम बी ११७ हे त्या चाचणीचं मानक, १९३९ सालचं. आज भोसरी, तळवडे, चाकण, कुठल्याही प्लेटिंगवाल्याला हा आकडा झोपेतून उठवून विचारा.

एकदा परदेशातल्या एका ग्राहकानं आमचा अख्खा लॉट परत पाठवला. लाल गंज वेळेआधी दिसला म्हणून. आम्ही आठ दिवस वैतागलो होतो. आमचा एक ऑपरेटर म्हणाला, "साहेब, बोल्ट गाडीखाली लागतो, तो कोण बघतंय? आणि मिठाच्या पाण्यात गाडी कोण घालतंय?" तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मुलीच्या दारात तिची गाडी पाहिली तेव्हा मिळालं. खालपासून दारापर्यंत पांढरी झाली होती, मिठागरातून आल्यासारखी. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण चाकणच्या कामगारानं तो हिवाळा पेटीत तासांनी मोजलेला असतो. ही आपल्या औद्योगिक पट्ट्याच्या इतिहासातली एक न लिहिलेली ओळ आहे असं मला वाटतं.

दिघीचा पत्ता

आता दुसरा धागा, आणि माझ्या मते अधिक मोलाचा. आळंदी रस्त्यानं जाताना दिघी कॅम्प लागतो. नोकरीच्या जाहिराती वाचणाऱ्या मुलांना एक पत्ता पाठ असतो: ग्रेफ सेंटर, दिघी कॅम्प, पुणे १५. ग्रेफ म्हणजे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, सीमा सडक संघटनेचं मनुष्यबळ. मोटार मेकॅनिक, यंत्रचालक, सुपरवायझर अशी देशभरातली मुलं या दारातून भरती होतात, प्रशिक्षण घेतात आणि हिमालयात जातात.

सीमा सडक संघटना ७ मे १९६० रोजी स्थापन झाली. सुरुवातीला दोन प्रकल्प होते. ईशान्येत टस्कर, ज्याचं पुढे वर्तक झालं, आणि काश्मीरमध्ये बीकन. बीकनच्या वाट्याला श्रीनगर-लेह रस्ता आला आणि त्यावरचा जोझीला. उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. १९४८ साली इथेच मद्रास सॅपर्सनी खेचरांच्या वाटेचा रस्ता केला आणि १ नोव्हेंबरला रणगाडे वर चढले, ही गोष्ट अनेकांना माहीत असेल. पण रस्ता एकदा करून भागत नाही. तो दर हिवाळ्यात बर्फाखाली जातो आणि दर वसंतात पुन्हा शोधावा लागतो.

शोधावा लागतो, हा शब्द मी मुद्दाम वापरला. वीस-तीस फूट बर्फाखाली रस्ता नेमका कुठे आहे, हे वरून दिसत नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. डोझर चुकून दोन हात बाहेर गेला की संपलं. सोनमर्गच्या बाजूनं बीकनची माणसं आणि द्रासच्या बाजूनं विजयक प्रकल्पाची माणसं कापत येतात आणि खिंडीत भेटतात. ऊन चढलं की वरचे हिमकडे सुटण्याची भीती. पूर्वी हा रस्ता वर्षातले पाच-सहा महिने बंद असायचा. २०२३ साली तो ६८ दिवसांत उघडला, २०२५ साली ३२ दिवसांत. लडाखच्या माणसासाठी हा आकडा म्हणजे भाजीचा भाव, दवाखान्याची वाट आणि घरी परतण्याची तारीख. आमच्या मुलीचा ड्राइव्हवे वीस फुटांचा. लडाखचा ड्राइव्हवे म्हणजे जोझीला.

आणि तो काढतं कोण? डोझरवर ग्रेफचा माणूस असतो. पण त्याच्याबरोबर फावडं घेऊन रोजंदारीवरचे मजूर असतात. त्यातले कितीतरी झारखंडमधल्या दुमका भागातले. ज्यांच्या गावात बर्फ पडत नाही, ज्यांच्या घरी मोटार नाही, ते लोक मोटारींसाठी बर्फ काढतात. रस्त्याच्या कडेला मृतांची छोटी स्मारकं दिसतात, लडाखला गेलेल्यांनी पाहिली असतील. पर्यटक तिथं थांबून बर्फाच्या भिंतीबरोबर फोटो काढतात. फोटो काढा, पण पाटीवरचं नावही वाचा, एवढंच म्हणतो.

आपलं अंगण

आता घरी येऊ. आपल्याकडे बर्फ नाही, पण शेवाळ आहे. जुलैमध्ये सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प हिरवा होतो. दूधवाला घसरतो, शाळेच्या बसकडे पळणारं पोर घसरतं. मग व्हॉट्सॲपवर दोन दिवस चर्चा चालते: ब्लीचिंग पावडर कोणी टाकायची? बिल्डरनं गुळगुळीत फरशी का घातली? कमिटी काय करते? शेवटी वॉचमन पहाटे खराटा घेऊन घासतो.

जुन्या घरात हा प्रश्न पडत नव्हता. अंगण ज्याचं त्यानं झाडायचं, सडा घालायचा, उजाडायच्या आत. पण नीट आठवा, ते काम करत कोण होतं? आपली आजी, आई, सून. वाटणी ठरलेली होती, म्हणून प्रश्न दिसत नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाला जे समजायला सव्वाशे वर्षं लागली, ते आपल्या रॅम्पलाही लागू आहे. पाऊस निसर्गानं पाडला, शेवाळ आपोआप वाढलं, हे खरं. पण त्यावरून रोज जाणारा माणूस आपल्याला माहीत आहे, आणि रॅम्प आपला आहे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: आम्ही दोघं डिसेंबरात टोरांटोला मुलाकडे जाणार आहोत. काय काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी, साठीनंतर फावडं हातात घेऊ नका. मी घेतलं, म्हणून सांगतो. क्विबेकमधल्या संशोधकांनी १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा जोरदार बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमधले हृदयविकाराचे झटके वाढलेले आढळले. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यात ओझं उचलायचं. आपल्याला तर त्याची सवयही नाही. मुलानं काढायचं असेल तर थांबून थांबून, पडत असतानाच थोडा थोडा काढावा. उचलण्यापेक्षा ढकलावा. ढीग नेहमी उताराच्या खालच्या बाजूला करावा. गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही ना, ते पाहावं, नाहीतर विषारी वायू आत साचतो. मीठ बेतानं टाकावं, आणि फार थंडी असेल तर वाळू टाकावी. वाळूनं बर्फ वितळत नाही, पण पाय धरतो. आणि चालताना छोटी पावलं, हात खिशाबाहेर. माझे खिशात होते.

प्रश्न: बोगदे झाल्यावर जोझीलाचं हे काम संपेल का?

बरंच कमी होईल. रोहतांगखालचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, सोनमर्गचा जानेवारी २०२५ मध्ये. जोझीलाचं काम चालू आहे. पण बोगद्याच्या तोंडाशी बर्फ पडणारच, आणि पुढच्या घाटांतही पडणार. दिघीत येणाऱ्या मुलांना काम उरेल. तिकडून आलेला एखादा ग्रेफचा निवृत्त माणूस तुमच्या सोसायटीत असेल तर त्याला चहाला बोलवा. माझ्यापेक्षा चांगलं व्याख्यान तो देईल.